‘टाइम आउट’ कसा ऐकावा: मात्रा मोजण्यापासून मोजणी सोडण्यापर्यंत

अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ हा अल्बम कोलंबिया कंपनीने डिसेंबर १९५९ मध्ये बाजारात आणला. त्यात सात रचना आहेत, सगळ्या मिळून अडतीस मिनिटांच्या आसपास भरतात, आणि श्रोत्यांच्या ओळखीची अशी एकही जुनी धून त्यांत नव्हती. नेहमीच्या चार मात्रांऐवजी पाच, सहा, नऊ अशा मात्रांतले वादन आणि मुखपृष्ठावर वादकांच्या छायाचित्राऐवजी नील फुजिता यांचे अमूर्त चित्र, हे पाहून कंपनीच्या विक्री विभागाला हा माल खपेल असे वाटत नव्हते. पुढे १९६१ मध्ये हाच अल्बम अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला.

ज्यांनी जॅझ आजवर हॉटेलात किंवा चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात कानावरून जाऊ दिला आहे, पण लक्ष देऊन ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवात याच अल्बमपासून करावी असे सुचवण्यामागे कारण आहे. तबल्याची आवर्तने बोटांवर मोजण्याची, भजनात समेवर मान हलवण्याची सवय असलेल्या माणसाला या अल्बमचे दार पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा लवकर उघडते. मात्र तेवढ्यावर थांबले तर हा केवळ तालांच्या करामतींचा संग्रह वाटतो, आणि त्यातली खरी गंमत, म्हणजे आधी कागदावर लिहिलेले आणि ऐन वेळी सुचलेले यांचा जोड, निसटून जाते. म्हणून मोजायला शिकावे आणि मग मोजणे सोडून द्यावे, या क्रमाने पुढे जाऊ.

ऐकण्यापूर्वी

चार वादक आणि त्यांची चार वाद्ये आधी कानात पक्की करावीत. पियानोवर स्वतः ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, डबल बेसवर युजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेल्लो. यांत बेस सर्वांत सहज हरवतो, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून त्याचे खालचे स्वर जवळजवळ उमटतच नाहीत. राइट यांचा बेस ऐकू आला नाही, तर उरलेले तिघे कशावर उभे आहेत हेच कळत नाही. त्यामुळे बरे इअरफोन किंवा साधे पण मोठे स्पीकर वापरावेत.

ॲपवर ऐकत असाल तर रचनांचा क्रम आपोआप बदलणारी सोय बंद ठेवावी. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूवर तीन आणि दुसऱ्या बाजूवर चार रचना होत्या, आणि पहिल्या तीन रचना संपल्यावर उठून तबकडी उलटण्याइतकी विश्रांती घेणे आजही हिताचे ठरते. काही नव्या आवृत्त्यांत मैफिलींची ध्वनिमुद्रणे जोडलेली असतात. ती सुरुवातीला वगळावीत.

‘कूल जॅझ’ या नावाचाही थोडा उलगडा करून घ्यावा. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘बीबॉप’ नावाची अतिशय वेगवान, स्वरांनी खच्चून भरलेली शैली रुजली होती. त्या दशकाच्या अखेरीस काही वादकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी आवाज खाली आणला, स्वरातली थरथर कमी केली, दोन वाक्यांमध्ये जागा सोडली आणि रचनेच्या आराखड्याला महत्त्व दिले. पुढच्या दशकात ही शैली विशेषतः कॅलिफोर्नियात फुलली. डेस्मंड हे तिचे अगदी नेमके उदाहरण होय. आपला सॅक्सोफोन ‘ड्राय मार्टिनी’सारखा वाजावा अशी आपली इच्छा होती, असे ते म्हणत, आणि त्यांचा तो कोरडा, हलका, तरीही गोड स्वर दोन मिनिटांत ओळखू येऊ लागतो. ब्रूबेक यांचा पियानो मात्र, माझ्या मते, कूल नाहीच. त्यांचा हात जड आहे, ते भरघोस कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेल्या अनेक स्वरांचे गुच्छ, ठोकून वाजवतात आणि एखादी कल्पना सापडली की तिला हट्टाने धरून बसतात. डेस्मंड यांचा मितभाषीपणा आणि ब्रूबेक यांचा दणका यांतला ताण हाच या चौकडीचा प्राण होता.

पहिली फेरी: काहीही न मोजता

पहिल्यांदा संपूर्ण अल्बम सलग ऐकावा आणि त्या वेळी मात्रा मोजण्याचा मोह टाळावा. एवढेच टिपावे की कोणत्या रचनेत आपला पाय आपोआप हलू लागला आणि कोणत्या रचनेत तो अडखळला. अडखळण्याच्या जागा लक्षात ठेवाव्यात, दुसऱ्या फेरीत त्यांचाच उपयोग होणार आहे.

दुसरी फेरी: ‘थ्री टू गेट रेडी’पासून मोजणी

बहुतेक जण ‘टेक फाइव्ह’पासून सुरुवात करतात, कारण तिचे नाव ऐकलेले असते. मी मात्र दुसऱ्या बाजूच्या पहिल्या रचनेपासून, म्हणजे ‘थ्री टू गेट रेडी’पासून, मोजायला शिकावे असे म्हणेन. तिची सुरावट लहान मुलाच्या गाण्याइतकी सोपी आहे आणि सुरुवातीला ती तीन मात्रांच्या सरळ वॉल्ट्झमध्ये, म्हणजे युरोपीय जोडीनृत्याच्या ठेक्यात, येते. तिचा नीटस, हसरा घाट अठराव्या शतकातील ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांच्या वळणाचा आहे. ही सुरावट एकदा मांडून झाली की खेळ सुरू होतो. तीन मात्रांचे दोन खंड, मग चार मात्रांचे दोन खंड, पुन्हा तीनचे दोन, पुन्हा चारचे दोन, असे हे चक्र शेवटपर्यंत फिरत राहते.

हाताने मोजायचे झाल्यास ‘एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार’ असे म्हणावे आणि प्रत्येक ‘एक’वर टाळी द्यावी. एकूण मात्रा चौदा होतात. दीपचंदी ऐकलेल्यांना चौदा हा आकडा ओळखीचा वाटेल, पण दीपचंदीत तीन-चार-तीन-चार अशी विभागणी असते आणि येथे तीन-तीन-चार-चार अशी आहे. या छोट्याशा फरकाने सगळी चाल बदलते. दीपचंदी झोके घेते. ही रचना दोन पावले गिरकी घेऊन पुढची दोन पावले सरळ चालणाऱ्या माणसासारखी पुढे जाते. चार-पाच वेळा ऐकल्यावर टाळ्या थांबवाव्यात आणि चारच्या खंडांत काय घडते तेवढेच ऐकावे. गिरकी थांबून वादक जमिनीवर पाय टेकतात तो क्षण कानाला कळू लागला, की आता आकड्यांची गरज उरली नाही असे समजावे.

‘टेक फाइव्ह’: पियानोचा लेहरा

आता पहिल्या बाजूच्या शेवटच्या रचनेकडे यावे. अल्बममधील ही एकच रचना डेस्मंड यांच्या नावावर आहे, बाकी सहा ब्रूबेक यांच्या आहेत. मोरेल्लो यांना पाच मात्रांत ड्रम्स वाजवून दाखवता यावेत, हा तिच्यामागचा मूळ हेतू होता. नावातही श्लेष आहे: पाचचा ताल, आणि ‘पाच मिनिटे थांबा’ अशी बोलीतली सूचना.

आधी ड्रम्स, मग पियानो आणि बेस, आणि शेवटी सॅक्सोफोन अशी एकेक वाद्याची भर पडत जाते, म्हणून ही सुरुवात सावकाश समजून घ्यायला फार सोयीची आहे. पियानोवर एकच छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्याची विभागणी तीन अधिक दोन अशी आहे. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा असतात. झपतालाची तिसरी मात्रा क्षणभर सम मानून मोजले, तर तीन-दोन-तीन-दोन असा हा साचा हाताला सापडतो. अर्थात झपतालात खाली असते, ठेक्याचे बोल असतात, येथे त्यांतले काही नाही. तेव्हा हे साम्य शिडीसारखे वापरावे आणि वर चढल्यावर सोडून द्यावे.

सॅक्सोफोनची मुख्य सुरावट, मधला वेगळ्या चालीचा भाग आणि पुन्हा मुख्य सुरावट असा आराखडा झाला की डेस्मंड यांचे उत्स्फूर्त वादन सुरू होते. ते किती थोडे स्वर वापरतात याकडे लक्ष द्यावे. त्यांची वाक्ये पाच मात्रांच्या कुंपणात अडकत नाहीत. ती कुंपणावरून वाकून पलीकडे जातात, आणि खाली पियानो आपला साचा सोडत नाही.

मग ड्रम्स येतात, आणि येथे आपल्याकडच्या श्रोत्याने कान टवकारावेत. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटी एकच लेहरा धरून बसते, आणि त्या लेहऱ्याच्या भरवशावर तबलजी आवर्तनाच्या आत हवे तेवढे दूर जाऊन समेवर परत येतो. ब्रूबेक येथे नेमके तेच काम करतात. चौकडीच्या नावावर ज्यांचे नाव आहे, तेच या रचनेत एकदाही स्वतःसाठी वाजवत नाहीत, नुसता लेहरा धरतात. मोरेल्लो त्यांच्यावर भरवसा ठेवून फार हळू सुरुवात करतात, एक ठोका, मग शांतता, मग दोन ठोके. अशा वेळी लेहरा कानात पक्का ठेवून ड्रम्सची शांतता मोजावी. ठोक्यांपेक्षा त्या शांततेतच त्यांचे कसब अधिक दिसते.

ध्वनिमुद्रणाचा दर्जाही याच भागात उत्तम कळतो. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा जो स्टुडिओ होता, तो पूर्वीच्या चर्चमध्ये उभारलेला होता, आणि १९५९ च्या जून ते ऑगस्ट या काळातील तीन बैठकींत हा अल्बम तेथे मुद्रित झाला. ड्रमवर पडलेला ठोका त्या उंच छताखाली कसा फुलतो आणि विरतो, हे रात्री शांततेत ऐकण्यासारखे आहे.

‘ब्लू रोंडो आ ला टर्क’: जोड कुठे आहे?

अल्बमची पहिली रचना मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिच्यात सगळा ऐवज एकत्र आला आहे आणि ती समजली की बाकीचे सोपे होते.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या चौकडीला दौऱ्यावर पाठवले. त्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रूबेक यांनी नऊ मात्रांचा एक ताल ऐकला. चौकडी त्याच दौऱ्यात भारतातही आली होती, आणि मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रूबेक वाजवायला बसले होते. पश्चिमेच्या संगीताला चारच मात्रांत का कोंडून घ्यावे, हा ब्रूबेक यांच्या मनात आधीपासून असलेला प्रश्न या प्रवासाने पक्का केला असावा, असे मानायला जागा आहे.

या नऊ मात्रा तीन-तीन-तीन अशा नाहीत. त्या दोन-दोन-दोन-तीन अशा आहेत. वेग इतका आहे की एकेक मात्रा तोंडाने म्हणता येत नाही. त्यावर उपाय असा, की फक्त प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर बोट आपटावे. तीन आखूड आणि एक किंचित लांब, अशी चार ठोक्यांची चाल तयार होते. ही चाल तीन वेळा येते आणि चौथ्या वेळी नऊ मात्रा तीन-तीन-तीन अशा समान पडतात, म्हणजे बोट तीनदाच आपटते. तीन ओळी लंगडत आणि चौथी ओळ सरळ, हा हिशेब बोटांत बसायला पाच-सहा वेळा ऐकावे लागेल, त्याची घाई करू नये.

आता नावाकडे पाहू. ‘रोंडो’ हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक आकृतिबंध आहे. मुख्य सुरावट येते, मग वेगळा भाग येतो, पुन्हा मुख्य सुरावट, पुन्हा दुसराच वेगळा भाग, आणि पुन्हा मुख्य सुरावट. अंतरे बदलत जावेत आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर परत यावे, हा अनुभव अभंग ऐकणाऱ्याला सांगायला नको. ‘आ ला टर्क’ हे शब्द मोत्झार्ट यांच्या पियानो सोनाटातील तुर्की पद्धतीच्या प्रसिद्ध रोंडोची आठवण करून देतात. ही आठवण नावापुरती आणि घाटापुरती आहे. मोत्झार्ट यांची सुरावट ब्रूबेक यांनी घेतलेली नाही. आणि ‘ब्लू’ म्हणजे ब्लूज, बारा खंडांचा आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा गानप्रकार, ज्याच्यावर जॅझची इमारत उभी आहे.

म्हणजे एका नावात तुर्की ताल, व्हिएन्नाचा घाट आणि अमेरिकेचा ब्लूज असे तीन धागे आहेत. ऐकताना पुढील गोष्ट शोधावी. पहिला जवळपास सगळा भाग लिहिलेला आहे. त्यात कोणी ऐन वेळी काही सुचून वाजवत नाही. मग अचानक लय सैल होते, चार मात्रांचा झुलता ठेका सुरू होतो आणि डेस्मंड ब्लूज वाजवू लागतात. पण हा बदल एका फटक्यात होत नाही. जोडाच्या ठिकाणी नऊ मात्रांचे दोन खंड, चार मात्रांचे दोन खंड, पुन्हा नऊचे दोन, पुन्हा चारचे दोन, अशी दोन जगांची ये-जा होते. मुठीत घट्ट धरलेले मन आणि सैल सुटलेले मन एकमेकांना आळीपाळीने बोलावत आहेत, असे वाटते. डेस्मंड यांच्यानंतर ब्रूबेक ब्लूज वाजवतात आणि त्यानंतर पुन्हा तीच ये-जा होऊन रचना आपल्या लिहिलेल्या घराकडे परतते.

अभिजात संगीताचा प्रभाव म्हणजे व्हायोलिनांचा ताफा किंवा ओळखीची सोनाटा, अशी नव्या श्रोत्याची समजूत असते. येथे तो प्रभाव घाटात आहे. ब्रूबेक यांची आई पियानो शिकवीत असे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात राहून आल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजमध्ये फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांच्याकडे शिक्षण घेतले आणि आपल्या थोरल्या मुलाचे नावही दारियुस असेच ठेवले. मियो यांनी स्वतः १९२३ मध्ये जॅझच्या प्रभावाखाली नृत्यनाट्याचे संगीत रचले होते, आणि आपल्या या विद्यार्थ्याला त्यांनी जॅझ सोडू नकोस असेच सांगितले. एकाच वेळी दोन वेगळ्या पट्ट्या वापरण्याची मियो यांची पद्धत ब्रूबेक यांच्या पियानोत अधूनमधून डोकावते. त्यांच्या जड कॉर्ड कधी कधी एकमेकींशी भांडत आहेत असे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

‘स्ट्रेंज मेडो लार्क’: ताल नसलेली दोन मिनिटे

तालांच्या कौतुकात या रचनेकडे दुर्लक्ष होते, आणि मला तर ती अल्बममधील सर्वांत सुंदर रचना वाटते. सुरुवातीला पियानो एकटाच आहे आणि त्याला बांधलेली लय नाही. आलापाची सवय असलेल्या कानाला येथे काहीच शिकवावे लागत नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की आलापात राग उलगडत जातो, तर येथे कॉर्डचा रंग बदलत जातो. कुरणात राहणाऱ्या एका अमेरिकी गाणाऱ्या पक्ष्याचे नाव रचनेला दिले आहे, आणि ब्रूबेक यांचे बालपण गुरांच्या रँचवर गेले होते हे माहीत असले की त्या पहिल्या वाक्याला मोकळ्या माळाचा वारा लागतो. पुढे बेस आणि ड्रम्स हलकेच आत येतात, साधा चार मात्रांचा ठेका सुरू होतो आणि डेस्मंड बोलू लागतात. ठोकून वाजवणारे ब्रूबेक किती हळुवार होऊ शकतात, याचा पुरावा म्हणून तरी ही सुरुवात दोनदा ऐकावी.

उरलेल्या तीन

‘कॅथीज वॉल्ट्झ’ ब्रूबेक यांच्या मुलीच्या नावाची आहे, आणि छापताना तिच्या नावाचे आद्याक्षर C ऐवजी K पडले ते पडलेच. ती चार मात्रांत सुरू होऊन वॉल्ट्झमध्ये शिरते, आणि पुढे ब्रूबेक बाकीच्यांच्या तीन मात्रांवर आपल्या चार मात्रा आडव्या घालतात. तीनवर चार हा हिशेब तबलजींना नवा नाही. ‘एव्हरीबडीज जम्पिन’ मला या सातांत कमी उतरलेली वाटते. ‘पिक अप स्टिक्स’ मात्र राइट यांच्यासाठी ऐकावी, कारण त्यांच्या बेसवर सहा स्वरांची एकच ओळ अखंड फिरत राहते आणि बाकी सारे तिच्यावर घर बांधतात. राइट हे या चौकडीतील एकमेव कृष्णवर्णीय वादक होते, आणि त्यांना वगळून या अशी अट घालणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेतील कॉलेजांचे कार्यक्रम ब्रूबेक यांनी १९६० मध्ये नाकारले.

पुढे काय ऐकावे

एका आठवड्यात या अल्बमच्या चार-पाच फेऱ्या झाल्यावरच पुढे जावे. अभिजात घाटाची ओढ लागली असेल तर जॉन लुईस यांच्या ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’चा १९५६ चा ‘फॉन्टेसा’ घ्यावा. त्यात बाख यांच्या काळातील फ्यूगची पद्धत, म्हणजे एकाच सुरावटीने एकामागून एक आवाजात शिरत जाणे, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) आणि पियानोच्या हलक्या आवाजात ऐकायला मिळते. वाद्यवृंदाचा भरणा हवा असेल, तर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि संगीत-संयोजक गिल एव्हान्स यांचा ‘स्केचेस ऑफ स्पेन’ उत्तम.

आणि मोजणीचीच चटक लागली असेल तर याच चौकडीचा १९६१ चा ‘टाइम फर्दर आउट’ काढून त्यातील ‘अनस्क्वेअर डान्स’ लावावी. ती सात मात्रांची आहे, जेमतेम दोन मिनिटांची आहे, आणि तिच्यात टाळ्याच वाजतात, त्यामुळे आपणही त्यांच्याबरोबर टाळी धरून पाहावी. रूपकच्या तीन-दोन-दोनची सवय असलेला हात येथे पहिल्या प्रयत्नात हमखास चुकतो, कारण तीनचा गट येथे शेवटी आहे. चुकल्यास वाईट वाटून घेऊ नये. रचना संपताच ध्वनिमुद्रणात कोणीतरी हसलेले ऐकू येते; तो मोरेल्लो यांचा, सगळे एकदाचे न चुकता पार पडल्याच्या सुटकेचा हसण्याचा आवाज आहे.